उलटे स्वल्पविराम

दिवाळीच्या सुटीपूर्वीचे आठ दिवस म्हणजे आम्हां मास्तरांचे सहामाहीचे पेपर तपासण्याचे दिवस. स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास येत असतो, मुले किल्ल्यासाठी माती कालवीत असतात, आणि मी ओसरीवर तांबड्या शाईचे पेन हाती धरून नववीच्या इंग्रजीच्या गठ्ठ्यापुढे मान मोडून बसलेला असतो. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत, ह्याच गठ्ठ्यातल्या एका टिंबाने माझी झोप उडविली. त्या टिंबाची आणि त्याच्या शेजारच्या दोन उलट्या स्वल्पविरामांची हकीकत आज वाचकांना सांगावी म्हणतो.

मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यासाठी एक वाक्य मी दिले होते : शेतकरी आपल्या बैलाला ‘माझा थोरला मुलगा’ म्हणत असे. एका मुलाने भाषांतर अचूक केले, पण शेवटी आधी अवतरणचिन्ह मिटविले आणि मग पूर्णविराम दिला. मी त्या टिंबाभोवती तांबडे वर्तुळ काढून अर्धा गुण कापला. पूर्णविराम नेहमी चिन्हाच्या आत, असे माझ्याजवळच्या व्याकरणाच्या पुस्तकात स्पष्ट छापलेले होते आणि मी ते वर्षानुवर्षे तसेच शिकवीत आलो होतो. पेपर परत दिल्यावर तो मुलगा वर्गाबाहेर मला गाठून उभा राहिला. त्याच्या हातात शाळेच्या वाचनालयातले, लंडनला छापलेले गोष्टीचे एक जुने पुस्तक होते.

“सर, ह्यात तर टिंब बाहेर आहे.”

मी पान पाहिले. टिंब खरोखरच बाहेर होते. मी क्षणभर घुटमळलो, आणि मास्तराने कधीही देऊ नये ते उत्तर दिले : “छापण्यात चूक झाली असेल.”

मुलगा काही बोलला नाही. “बरं सर,” म्हणून निघून गेला. पण जाताना त्याने पुस्तकाकडे एकदा पाहिले आणि माझ्याकडे एकदा पाहिले. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा ह्याचा निर्णय त्याच्या मनात झाला होता, आणि तो माझ्या बाजूने नव्हता.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. इंग्रजी जे काही आले ते वाचून, शिकवून आणि चुका करून. तेव्हा खात्री करून घेण्यासाठी मला पुन्हा पुस्तकांकडेच जावे लागले. आणि तेथे जे कळले ते असे, की इंग्रजी भाषा एक असली तरी अवतरणचिन्हांच्या बाबतीत तिची दोन घरे आहेत. इंग्लंडमधल्या पुस्तकांत बहुधा एकेरी चिन्ह आधी येते आणि अवतरणाच्या पोटात दुसरे अवतरण आले तर तेथे दुहेरी. अमेरिकेत नेमके उलट, बाहेर दुहेरी आणि पोटात एकेरी. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ-छापखान्याचे मुद्रक होरेस हार्ट ह्यांनी आपल्या कंपाझिटरांसाठी तयार केलेली नियमावली १९०४ साली सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याची १९०६ साली. ही दोन घराणी तेव्हापासून आजतागायत आपापल्या रीतीने नांदत आहेत.

टिंबाचेही तसेच. अमेरिकन रीतीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम अर्थ काहीही असो, मिटत्या चिन्हाच्या आतच बसतात. अर्धविराम आणि अपूर्णविराम मात्र बाहेर. खिळे जुळविणाऱ्यांची सोय आणि ओळीचे देखणेपण हे ह्याचे मूळ, असे सांगतात. इंग्लंडात फाउलर बंधूंनी १९०६ सालच्या ‘द किंग्ज इंग्लिश’ ह्या पुस्तकात दुसरी बाजू मांडली : जे टिंब अवतरणातल्या वाक्याचे आहे ते आत ठेवा, जे सगळ्या वाक्याचे आहे ते बाहेर. म्हणजे कोणी पूर्ण वाक्य बोलले तर पूर्णविराम आत; पण ‘माझा थोरला मुलगा’ एवढे तीनच शब्द उचलले असतील, तर पूर्णविराम सगळ्या वाक्याचा, म्हणून तो बाहेर. प्रश्नचिन्हाच्या बाबतीत दोन्ही घरे एकाच विचाराची : बोलणारा प्रश्न विचारीत असेल तर आत, आपण विचारीत असू तर बाहेर.

म्हणजे मुलगा बरोबर होता. माझे पुस्तक अमेरिकन धाटणीचे होते, त्याचे लंडनचे. चूक दोन्ही पुस्तकांत नव्हती; चूक माझ्या तांबड्या वर्तुळात होती.

गोष्ट येथेच संपली असती तर ती शिक्षक-कक्षात चहाबरोबर सांगण्याइतकीच होती. पण त्या शोधात मला ह्या चिन्हांचा इतिहास हाती लागला, आणि टिंबापेक्षा फार मोठ्या एका चुकीकडे त्याने मला नेले.

ही चिन्हे ज्या कामासाठी आज वापरतात त्यासाठी ती जन्मलीच नाहीत. दोन हजारांवर वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाचे ग्रीक पंडित होमरच्या काव्याच्या प्रती तपासताना ध्यानात ठेवण्याजोग्या ओळीशेजारी समासात एक कोनासारखी खूण करीत. तिला ‘डिप्ले’ म्हणत. पुढे ख्रिस्ती लेखकूंनी हीच खूण धर्मग्रंथातून घेतलेल्या वचनांपुढे घालावयास सुरुवात केली. छपाई आल्यावर कोनाच्या जागी स्वल्पविरामांची जोडी आली, पण कामाचे स्वरूप बराच काळ जुनेच राहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ची १६०३ साली जी पहिली छापील प्रत निघाली, तीत एक वृद्ध दरबारी परदेशी निघालेल्या आपल्या मुलाला उपदेश करतो, त्या ओळींच्या आरंभी असे उलटे स्वल्पविराम आहेत. ते पात्राचे बोलणे दाखविण्यासाठी नव्हेत. नाटकात सगळेच बोलणे! त्यांचा अर्थ एवढाच, की हे सुभाषित आहे, वहीत उतरून घ्या. ‘हे दुसऱ्याचे आहे’ असे आज जे चिन्ह सांगते, ते तेव्हा ‘हे तुमचे करून घ्या’ असे सांगत होते. मला ह्याची मोठी गंमत वाटली.

१६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात अवतरणचिन्हे नाहीत. बोलणे कोठे सुरू झाले हे नुसत्या मोठ्या अक्षरावरून ओळखावयाचे. कोठे संपले हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. १७१९ सालच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’तही संवाद आहेत पण चिन्हे नाहीत; ‘मी म्हणालो’, ‘तो म्हणाला’ ह्यांवरच सारे भागते. अठराव्या शतकात कादंबरी वाढू लागली, माणसे कागदावर तासन् तास बोलू लागली, आणि मग कोण बोलतो आहे हे दाखविण्याची निकड छापखान्याला भासली. ‘क्लॅरिसा’चे कर्ते सॅम्युएल रिचर्डसन स्वतः मुद्रक होते, हा काही योगायोग नव्हे. त्या काळी अवतरण लांबले तर प्रत्येक ओळीच्या आरंभी ही चिन्हे छापीत. पानाच्या डाव्या कडेला मुंग्यांची रांग लागल्यासारखी दिसे. ती रांग गेली, पण एक मुंगी मागे राहिली. एकाच माणसाचे बोलणे अनेक परिच्छेदांत चालले असेल, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह पुन्हा उघडावयाचे आणि मिटवावयाचे मात्र एकदाच, शेवटी, हा आजचा इंग्रजी नियम म्हणजे त्या रांगेचा अवशेष. माझे विद्यार्थीच काय, माझे काही लेखकमित्रही येथे ठेचाळतात.

मिटते चिन्ह कोठे पडावे ह्यात केवढे गांभीर्य असू शकते, ह्याचे एक उदाहरण बायबलातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात येशू आणि निकदेम ह्यांचा रात्रीचा संवाद आहे. मूळ ग्रीक हस्तलिखितांत अशी चिन्हे नाहीत. आधुनिक इंग्रजी भाषांतरकारांना मात्र ती घालावी लागतात, आणि तेथे पंचाईत होते. काहींच्या मते येशूचे बोलणे पंधराव्या वचनापाशी संपते, काहींच्या मते एकविसाव्यापाशी. ख्रिस्ती जगात सर्वांत अधिक पाठ असलेले सोळावे वचन ह्या दोहोंच्या मध्ये पडते. ते येशूच्या मुखातले, की ग्रंथकर्त्याचे भाष्य? उत्तर दोन छोट्या स्वल्पविरामांवर अवलंबून आहे. येथे छापखान्याची रीत संपते आणि शब्द कोणाचे हा प्रश्न सुरू होतो.

आता आपल्या मुलांकडे येऊ. इंग्रजी अवतरणचिन्हांत मराठी मुलगा जी हमखास चूक करतो ती टिंबाची नव्हे. तो असे लिहितो : मदर सेड दॅट, डबल इन्व्हर्टेडमध्ये, आय ॲम गोइंग टु द मार्केट. दरवर्षी दहा तरी पेपरांत हे वाक्य भेटते, आणि दरवर्षी मी ते निष्काळजीपणाखाली जमा करीत असे. पण त्यात निष्काळजीपणा नाही. त्यात मराठी आहे. आपण म्हणतो, “आई म्हणाली की मी बाजारात जाते.” ‘की’ आला तरी आपला ‘मी’ बदलत नाही, तो आईचा ‘मी’ आहे हे ऐकणाऱ्याला कळते. “उद्या येतो म्हणाला” ह्या तीन शब्दांत बोलणाऱ्याचे शब्द कोठे संपले आणि आपले कोठे सुरू झाले, हे सांगावयास चिन्ह लागत नाही; ‘म्हणाला’ हा शब्दच मिटत्या चिन्हाचे काम करतो. ‘असे’, ‘म्हणून’, संस्कृतातला ‘इति’, ही सर्व आपली बोलकी अवतरणचिन्हे होत. ती कानाला ऐकू येतात. इंग्रजीची चिन्हे डोळ्यांना दिसतात, पण वाचून दाखविताना हवेत विरून जातात. म्हणून इंग्रजीने दुसरी सोय केली : ‘दॅट’ आला की बोलणाऱ्याच्या ‘मी’ने वेष बदलावयाचा, ‘ती’ किंवा ‘तो’ व्हावयाचे, आणि काळानेही एक पाऊल मागे सरावयाचे.

हे उमगल्यापासून मी वर्गात नियम पाठ करून घेत नाही. मी सांगतो, “‘दॅट’ हा दारावरचा भालदार आहे. तो उभा असला की पाहुण्याच्या ‘मी’ला आत सोडत नाही. ‘मी’ला तसाच आत न्यायचा असेल तर ‘दॅट’ला सुटी द्या, स्वल्पविराम द्या आणि चिन्हे उघडा.” मुले हसतात आणि लक्षात ठेवतात. मात्र भालदारालाही एक सवलत आहे. समजा कोणी म्हणाले की घर ‘गुरांनाही राहण्याजोगे नाही’. तर ‘दॅट’ असूनही त्या माणसाचे नेमके तेवढे शब्द चिन्हांत घालता येतात, कारण त्यांत ‘मी’ नाही आणि ते शब्द त्याचेच आहेत, हे वाचकाला कळावे अशी आपली इच्छा असते.

मराठीत ही चिन्हे इंग्रजीबरोबरच आली. १८४७ साली ज्यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला त्या मेजर थॉमस कॅन्डी ह्यांना मराठीत विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय देतात. पण चिन्हे नव्हती तेव्हा आपल्याकडे दुसऱ्याचे शब्द जपण्याची रीत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमविल्या, त्या ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे पायपीट करून. पोथीत उलटा स्वल्पविराम एकही नाही; स्वामी काय म्हणाले ह्याविषयीची काळजी मात्र पानोपानी आहे. चिन्ह नंतर येते, काळजी आधी असावी लागते.

ही काळजी नसली म्हणजे चिन्हाचे काय होते, ते आपण रोज पाहतो. कोणत्याही गावच्या बाजारपेठेतून हिंडा. पाटीवर ताजे हा शब्द अवतरणचिन्हांत, शुद्ध हा शब्द अवतरणचिन्हांत. दुकानदाराला म्हणावयाचे असते, ‘अगदी ताजे’. इंग्रजी वाचण्याची सवय असलेला माणूस वाचतो, ‘म्हणे ताजे’! कारण इंग्रजीत एखाद्या सुट्या शब्दाभोवती ही चिन्हे घातली की ती भुवई उंचावल्यासारखी होतात : हा शब्द माझा नव्हे, लोक असे म्हणतात, मला शंका आहे. ह्यांना इंग्रजीत ‘स्केअर कोट्स’, म्हणजे बुजगावण्याची अवतरणचिन्हे म्हणावे, असे नाव पडले आहे. तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकम ह्यांच्या १९५६ सालच्या एका लेखात ते आढळते. आजकाल तरुण मंडळी बोलताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटे कानांशी वाकवितात, ते हेच. लेखनात ही भुवई क्वचित उंचवावी. जो लेखक दर दोन ओळींनी ती उंचावतो त्याला स्वतःचे शब्द सापडत नाहीत, आणि दुसऱ्याच्या शब्दांची जबाबदारीही नको असते. जोर द्यावयाचा असेल तर शब्द योग्य जागी ठेवावा. कवितेचे वा कथेचे नाव, किंवा एखाद्या शब्दाचीच चर्चा असेल, तर चिन्हे खुशाल घालावीत.

आणि काही मोठ्या लेखकांनी ही चिन्हे मुळीच घातली नाहीत, त्याचे काय? असा प्रश्न मला एका होतकरू कादंबरीकाराने केला होता. जेम्स जॉइसला ती डोळ्यांत खुपत. ‘युलिसिस’ (१९२२) मध्ये त्याने बोलण्याच्या आरंभी नुसती आडवी रेघ ओढली. बोलणे कोठे संपले हे वाचकाने ओळखावे. अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी ह्यांच्या ‘द रोड’ (२००६) मध्ये बाप आणि मुलगा राखेने भरलेल्या जगातून चालत जातात, आणि त्यांच्या बोलण्याभोवती ना चिन्ह ना रेघ. मी ती कादंबरी वाचताना फारच थोड्या ठिकाणी अडखळलो. का? कारण वाक्येच अशी घडविली आहेत, की बापाचे कोणते आणि मुलाचे कोणते हे कानाला कळते. उलट जेन ऑस्टिनने जेथे चिन्हांची जरूर नाही अशा, तृतीयपुरुषी सांगितलेल्या बोलण्यालाही कधी कधी चिन्हे घातली आहेत. आणि त्यामुळे निवेदिकेच्या आवाजात पात्राचा आवाज मिसळून एक खट्याळ गोडी येते. तात्पर्य, चिन्हे टाकणे ही सूट नव्हे, ती वाढीव जबाबदारी आहे. कुंपण काढावयाचे तर शेताचा बांध इतका ठळक हवा, की शेजाऱ्याच्या बैलालाही तो दिसावा. माझ्या त्या तरुण मित्राने चिन्हे काढली होती पण बांध घातला नव्हता. त्याच्या कादंबरीत सासू कोण आणि सून कोण, हे मला तिसऱ्या प्रकरणापर्यंत कळले नाही.

बांध मोडला म्हणजे काय होते, ह्याचा चटका मी स्वतः खाल्ला आहे. माझ्या एका कादंबरीत एक सावकार आहे. मुलींना शिकवून घराची अब्रू जाते, अशा अर्थाचे काही तो पारावर बसून बोलतो. एका नियतकालिकातल्या परीक्षणकाराने त्याचे ते वाक्य उचलले, त्याभोवती अवतरणचिन्हे घातली, आणि ‘असे लेखकाचे मत दिसते’ म्हणून मोकळा झाला. शब्द खरे होते, एकही अक्षर बदललेले नव्हते. पण ते सावकाराचे शब्द माझ्या शब्दांच्या पोटातले होते. दुहेरीच्या आत एकेरी चिन्ह लागते ते ह्यासाठीच. ते आतले चिन्ह गळले आणि सावकार नाहीसा झाला. त्याच्या जागी मी येऊन बसलो. माझी एक जुनी विद्यार्थिनी परिचारिका आहे. तिने कादंबरी वाचली नव्हती, परीक्षण वाचले होते. तिने पत्र लिहून विचारले, “सर, तुम्हांला खरंच असं वाटतं का हो?” मी उत्तर पाठविले, कादंबरीही पाठविली. पण ज्यांनी विचारले नाही त्यांना मी काय पाठविणार?

अमेरिकेत असा एक तंटा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जॅनेट माल्कम ह्या पत्रकर्तीने १९८३ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात मनोविश्लेषक जेफ्री मॅसन ह्यांच्यावर लेख लिहिले. त्यांत अवतरणचिन्हांत छापलेली काही वाक्ये आपण उच्चारलीच नव्हती, असे म्हणून मॅसन ह्यांनी दावा लावला. १९९१ साली न्यायालयाने जे सांगितले त्याचा सारांश असा : चिन्हे पाहिली की वाचक ते त्या माणसाचेच शब्द समजतो, बोलण्यातले व्याकरण नीट करणे, एखादा शब्द इकडचा तिकडे होणे, एवढ्याने खोटेपणा सिद्ध होत नाही, पण अर्थच बदलला तर लेखकाला त्याचा जाब द्यावा लागेल. पुढे १९९४ मध्ये ज्यूरीने निकाल माल्कम ह्यांच्या बाजूने दिला. निकाल काहीही लागो. दोन देशांतल्या छापखान्यांना टिंब कोठे ठेवावे ह्यावर एकमत करता आले नाही, तरी चिन्हांच्या आत दुसऱ्याचा अर्थ बदलू नये, ह्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट रीत आहे, दुसरी सचोटी आहे.

आणि आता ती मोठी चूक. हा विचार डोक्यात घोळत असता मी तोच गठ्ठा पुन्हा काढला. त्यातल्याच एका मुलीचा निबंध होता, महात्मा गांधींवर. तिने समारोपाला एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गांधीजींच्या नावावर दिले होते : जगात जो बदल पाहावयाचा तो आधी आपणच व्हावे, अशा अर्थाचे. चिन्हे सुबक होती, टिंब माझ्या नियमाप्रमाणे आत होते. समासात मी ‘छान’ असे लिहून पुरे गुण दिले होते. आता ते वाक्य मी शोधू लागलो. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड आहेत. ते वाक्य त्या शब्दांत अभ्यासकांना सापडलेले नाही. १९१३ सालच्या त्यांच्या एका लेखात त्याच्या जवळचा विचार आहे : माणूस स्वतः बदलला तर जगाची त्याच्याशी वागण्याची तऱ्हाही बदलते, असा. पण तो अधिक शांत, अधिक लांब, आणि भिंतीवर रंगविण्यास गैरसोयीचा आहे.

भिंतीवर म्हणतो त्याला कारण आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ते लहान वाक्य हातभर अक्षरांत, दुहेरी अवतरणचिन्हांत, खाली गांधीजींचे नाव घालून रंगविलेले आहे. मुलीने ते तेथूनच घेतले होते. आणि रंगाऱ्याला ते वाक्य कागदावर लिहून देणारा मीच होतो. मला ते कोठल्याशा दिनदर्शिकेवर मिळाले होते.

म्हणजे हिशेब असा झाला : ज्या मुलाने शब्द प्रामाणिकपणे घेतले आणि टिंब लंडनच्या रीतीने ठेवले त्याचा मी अर्धा गुण कापला; आणि सत्याचे प्रयोग करण्यात ज्याने आयुष्य वेचले त्या माणसाच्या तोंडी त्याचे नसलेले शब्द मी स्वतः, सहा वर्षे, भिंतीवर घातले. मला वाटते, आमच्या इंग्रजी शिकविण्याचा सारा दोष ह्या एका हिशेबात आला. आम्ही चिन्हाचा आकार शिकवितो, इंग्रजी सहासष्टसारखे उघडा आणि नव्व्याण्णवसारखे मिटा. पण ते उघडताना आपण एक हमी देत आहोत, हे शिकवीत नाही.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते सज्जन आहेत. त्यांनी विचारले, “विचार तर चांगला आहे ना, गुरुजी? मग राहू द्या की.” विचार चांगला आहे, हे मला मान्य. तो मुलांनी वाचावा हेही मान्य. मी म्हणालो, “विचार राहू द्या. चिन्हे आणि नाव तेवढे काढतो.” त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि खर्चाचे विचारले. खर्च मी करतो म्हणालो, तेव्हा ते हसून “बरं” म्हणाले. सुटी लागल्यावर रंगाऱ्याला बोलावून पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणविला. वाक्य तसेच आहे. त्याच्या आगेमागे आणि खाली तीन पांढरे ठिगळ तेवढे दिसतात. जून रंगाशी ते अजून पुरते मिसळले नाहीत.

त्या मुलाचा अर्धा गुण देण्यास उशीर झाला होता; निकालपत्रके गेली होती. सुटीनंतरच्या पहिल्या तासाला मी त्याचा पेपर मागविला, तांबड्या वर्तुळाशेजारी ‘येथे विद्यार्थ्याचे बरोबर आहे’ असे लिहिले आणि खाली सही केली. मग ते वर्गाला वाचून दाखविले. मुलगा लाजून खाली पाहत होता. तास संपल्यावर तो पुढे आला आणि म्हणाला, “सर, मग परीक्षेत टिंब कुठं द्यायचं?”

“एक रीत धर आणि शेवटपर्यंत तीच ठेव,” मी म्हणालो. “मात्र आत जे लिहिशील ते त्या माणसाचंच असू दे.”